क्रियापद बघायचं की कर्म?

मराठी वृत्तपत्रात 'निषेध' या शब्दाला सुट्टी नाही. गावचं मंडळ रस्त्यातल्या खड्ड्यांचा निषेध करतं, साहित्य संमेलन सरकारी दिरंगाईचा करतं, आणि संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद दहशतवादी हल्ल्याचा करते. इंग्रजीत याच कामासाठी क्रियापदांची रांग उभी असते : 'कंडेम', 'डिनाउन्स', 'डिक्राय', 'डिप्लोअर', 'सेन्शर'. या रांगेत खरंच फरक आहे, की तो शब्दकोशवाल्यांनी आपली नोकरी टिकवण्यासाठी जपलेला आहे? माझ्या परिचयातले एक मामा-भाची या प्रश्नावर कैक दिवस भांडताहेत. मामाचं आयुष्य सरकारी भाषांतरात गेलं : नियम, ठराव, सभागृहातली प्रश्नोत्तरं. भाची एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांचं पान सांभाळते, म्हणजे वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी रात्री पान सोडायच्या आत मराठीत आणते. त्यांचं बोलणं शक्य तितकं जसंच्या तसं देतो. मी मध्ये तोंड घातलं आहे ते वेगळं कळेल.

भाची : मामा, माझ्या जुन्या कात्रणांवर तू लाल पेन चालवलंस. 'महासभेने रशियाच्या आक्रमणाचा निषेध केला.' यात चुकलं काय?

मामा : चुकलं नाही, आळस केलास. तो संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा 2 मार्च 2022 चा ठराव. बाजूनं 141, विरुद्ध 5, तटस्थ 35. त्यात आक्रमणासाठी 'कंडेम' वापरलेलं नाही, 'डिप्लोअर' वापरलंय.

भाची : 'डिप्लोअर' एकटं नाहीये. पुढे 'अत्यंत कठोर शब्दांत' अशी शेपटी आहे. आणि त्याचं मराठी मी काय करू? 'आक्रमणाबद्दल महासभेला तीव्र खेद'? वाचणाऱ्याला वाटेल, महासभेनंच युक्रेनवर रणगाडे घातले आणि आता दिलगिरी व्यक्त करतेय.

तिचं हे खरं आहे. मराठीत खेद व्यक्त करतो तो बहुधा ज्याच्या हातून काही बिघडलंय तोच. गाडी उशिरा आली की रेल्वे खेद व्यक्त करते. फलाटावरचे प्रवासी जे व्यक्त करतात त्याला दुसरा शब्द आहे.

मामा : मराठी काय करायचं ते मागाहून बघू. आधी मुळात काय घडलं ते बघ. महासभेच्या आधी, 25 फेब्रुवारीला, हाच विषय सुरक्षा परिषदेत आला होता. अमेरिकेच्या मसुद्यात 'कंडेम' होतं. मतदानाआधीच्या वाटाघाटीत ते काढून 'डिप्लोअर' घातलं, चीननं विरोधात मत देऊ नये म्हणून. चीन तटस्थ राहिला. बाजूनं 11, विरुद्ध एकटा रशिया, तटस्थ तीन : चीन, भारत, संयुक्त अरब अमिरात.

भाची : आणि रशियाच्या व्हेटोनं ठराव पडला. म्हणजे एवढी कसरत करून हाती शून्य.

मामा : व्हेटो येणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी एका क्रियापदावर घासाघीस झाली. तुझ्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही शब्द एकच असते, तर कोण कशाला भाव करत बसला असता? फुकटच्या मालाची कोणी घासाघीस करत नाही.

भाची : फरक नाही असं मी म्हणतच नाही. तो मोजपट्टीवरच्या आकड्याइतकाच आहे, एवढंच माझं म्हणणं. एक जरा सौम्य, दुसरा जरा कडक. तुझ्यासारखं प्रत्येक क्रियापदाला वेगळा स्वभाव, वेगळं कुळ, वेगळी जन्मपत्रिका, असं काही नाही.

मामा : स्वभाव आहे. 'कंडेम' घे. ते न्यायाधीशाचं क्रियापद आहे. लॅटिनमध्ये त्याच्या पोटात नुकसान, दंड हा अर्थ बसलेला आहे. फाशीच्या कैद्याला इंग्रजीत जे विशेषण लावतात ते याचंच. आणि तुला परकं वाटायचं कारण नाही, आपण तो शब्द रोज वापरतो.

भाची : आपण?

मामा : कंडम! 'गाडी कंडम झाली', 'कंडम माल गळ्यात मारला', हा कंडम त्या 'कंडेम्ड'चाच मराठी अवतार. आमच्या कार्यालयात जुनी जीप, मोडकी टंकयंत्रं, वाळवी लागलेली कपाटं यांना निकाली काढायची रीत असे. समिती येऊन बघायची, शेरा मारायची, मग वस्तू नोंदवहीतून बाद. सरकारी मराठीत त्याला 'निर्लेखन' म्हणतात. शिपायापासून सचिवापर्यंत बोलताना सगळे म्हणत 'कंडम केली'. त्या शब्दात राग नाही बघ. कोणी जीपवर चिडलेलं नसतं. अधिकार असलेल्या माणसानं तपासून दिलेला निकाल आहे तो. 'कंडेम' म्हणणारा त्या खुर्चीवर बसल्याचा आव आणतो.

भाची : आव, हे तूच म्हणालास. खुर्ची कोणाकडेच नसते. आता जिमखान्याची कार्यकारिणीसुद्धा 'कंडेम' करते.

मामा : आव आणायचा की नाही, हेसुद्धा ठरवावंच लागतं ना! 1998 आठव. 11 आणि 13 मे रोजी पोखरणला चाचण्या झाल्या. 14 मे रोजी सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांचं निवेदन आलं, त्यात 'स्ट्राँगली डिप्लोअर'. मग 28 आणि 30 मे रोजी पाकिस्ताननं चाचण्या केल्या. 6 जूनला ठराव क्रमांक 1172 एकमतानं झाला, आणि त्यात भारत-पाकिस्तान दोघांच्या चाचण्यांना 'कंडेम'. तीन आठवड्यांत दुःखावरून निकालावर. परिषदेनं कळवलं की आता आम्ही हळहळत नाही, निवाडा करतोय.

भाची : की कागद बदलला म्हणून क्रियापद बदललं? अध्यक्षांच्या निवेदनाला पंधराच्या पंधरा सदस्यांची संमती लागते, त्यावर मतदान होत नाही. तिथे बोथट शब्दच निभावतो. ठरावावर मत पडतं, त्यामुळे धार चालते. तू ज्याला शब्दाचा स्वभाव म्हणतोस तो कागदाचा असेल. शिवाय भारतानं ते निवेदनही मानलं नाही आणि तो ठरावही मानला नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसला. त्याला मुद्दा लागला असावा. पण तो सरकारी माणूस; हरला तरी विषयांतराची टिपणी तयार असते.

मामा : बरं, 'डिप्लोअर'चा गुण सांगतो. त्याचं मूळ रडण्यात आहे, हंबरडा फोडण्यात. रडायला आरोपी लागत नाही, घटना पुरते. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसलं, त्यानंतर 14 जानेवारी 1980 रोजी महासभेनं ठराव केला. 'अफगाणिस्तानातला अलीकडचा सशस्त्र हस्तक्षेप' याबद्दल 'स्ट्राँगली डिप्लोअर'. हस्तक्षेप कोणाचा? नाव नाही. 104 मतं बाजूनं पडली, आणि सोव्हिएत युनियन हे दोन शब्द त्या कलमात नाहीत. उलट सुरक्षा परिषदेचा 2 ऑगस्ट 1990 चा ठराव क्रमांक 660 बघ. कुवेतवरच्या आक्रमणाला 'कंडेम', आणि आक्रमण 'इराकचं' असं लिहून. 'डिप्लोअर' घटनेकडे बघतं, 'कंडेम' माणसाकडे.

भाची : मग 2022 चा ठराव पुन्हा वाच. 'रशियन महासंघानं युक्रेनवर केलेलं आक्रमण', असं नाव घेऊन 'डिप्लोअर' आहे. तुझा नियम बेचाळीस वर्षांत मोडला.

मामा : ...मोडला खरा.

भाची : आणि ते रडणं कोणासाठी हेही एकदा विचारू या. तू अमृतसरच्या डायरचं प्रकरण वाचलंयस?

मामा : जालियनवाला बाग, 13 एप्रिल 1919. शाळेतल्या पोराला विचारलंस तरी सांगेल.

भाची : त्यानंतरचं विचारतेय. 8 जुलै 1920 ला हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा झाली. युद्धमंत्री चर्चिल यांनी त्या गोळीबाराला राक्षसी घटना म्हटलं, आणि सभागृह सरकारच्या बाजूनं उभं राहिलं. पण बारा दिवसांनी, 20 जुलैला, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड फिन्ले यांचा प्रस्ताव 129 विरुद्ध 86 मतांनी मंजूर झाला. त्या प्रस्तावातलं क्रियापद होतं 'डिप्लोअर'. आणि लॉर्ड्सना दुःख कशाचं झालं होतं? माणसं मेल्याचं नाही. डायरचं प्रकरण ज्या रीतीनं हाताळलं गेलं ते त्या अधिकाऱ्यावर अन्याय करणारं आहे, याचं. त्याच सुमारास 'मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रानं डायरसाठी निधी काढला आणि सुमारे 26 हजार पौंड जमले. तुझं ते करुण, हळवं क्रियापद तिथे मारेकऱ्यासाठी रडत होतं.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं.

भाची : म्हणून म्हणते, शब्दाची व्युत्पत्ती मला सांगू नकोस. कोण बोलतंय आणि कोणाबद्दल, तेवढं सांग.

इथे मी मध्ये पडतो. मला वाटतं, या प्रसंगातून मामाची बाजूही निघते, पण त्याला ती त्या क्षणी सुचली नाही. लॉर्ड्सना 'कंडेम' म्हणता आलं नसतं. तसं म्हटलं असतं तर कॉमन्सला आणि आपल्याच सरकारला आरोपी केल्यासारखं झालं असतं. आरोपी न ठरवता नाराजी नोंदवायची होती, आणि त्यासाठी नेमकं हेच क्रियापद कामाला येतं. क्रियापदात नीती नसते, सोय असते.

मामानं मग मोहरा 'डिनाउन्स'कडे वळवला.

मामा : याला अधिकार लागत नाही, आवाज लागतो. 'डिनाउन्स' म्हणजे चारचौघांत बोट दाखवणं. पण त्याचा भूतकाळ काळा आहे. फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये याच धातूचा रोजचा अर्थ वर्दी देणं, चहाडी करणं असा होतो. व्हेनिसमध्ये ड्यूकच्या राजवाड्याच्या भिंतीत दगडी तोंडं कोरलेली आहेत. लोक त्यात दुसऱ्यांविरुद्धच्या तक्रारींच्या चिठ्ठ्या टाकत. आणि आपल्या शेजारी गोव्यात 1560 ते 1812, मधली मोजकी वर्षं सोडून, इन्क्विझिशनचा कारभार याच इंधनावर चालला. अमका घरात गुपचूप जुना देवधर्म पाळतो, ही शेजाऱ्यानं दिलेली वर्दी म्हणजे 'डेनुन्सिया'. म्हणून कोणी कोणाला 'डिनाउन्स' केलं असं वाचलं की मला नेहमी वाटतं, यात आरोप आहे, पण निकाल अजून यायचाय.

भाची : ख्रुश्चेव्हनं स्टालिनला 'डिनाउन्स' केलं, असं सगळी पुस्तकं लिहितात. 25 फेब्रुवारी 1956, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं विसावं अधिवेशन. बंद दारं, परदेशी पाहुणे बाहेर. तुझे चारचौघं कुठे होते?

मामा : आत होते! पक्षाचे शेकडो प्रतिनिधी. आणि पुढे ते भाषण देशभर पक्षाच्या बैठकांत वाचून दाखवलं, जूनमध्ये अमेरिकेत छापूनही आलं. गुप्त भाषण म्हणून इतकं गाजलेलं दुसरं भाषण नसेल. शिवाय स्टालिन मेला होता, त्यामुळे निकालाचा प्रश्नच नव्हता. बोट दाखवणं एवढंच शक्य होतं.

भाची : पळवाट चांगली शोधलीस. पण 'डिनाउन्स'चा एक अर्थ तू विसरलास, आणि मी तो चुकवून एकदा तोंडघशी पडता पडता वाचलेय. करार 'डिनाउन्स' करणं म्हणजे कराराला शिव्या देणं नव्हे, त्यातून बाहेर पडल्याची रीतसर नोटीस देणं. 5 एप्रिल 1945 ला सोव्हिएत सरकारनं जपानला कळवलं की तटस्थतेचा करार आम्ही 'डिनाउन्स' करतोय. ऑगस्टमध्ये युद्ध पुकारलं. तिथे 'कराराचा निषेध' असं मराठी केलं तर इतिहास उलटा होतो.

मामा : म्हणजे शब्दाला स्वभाव असतो, हे तू मान्य केलंस.

भाची : संदर्भ असतो, हे मान्य केलं.

'डिक्राय'वर दोघांचं फारसं भांडण झालं नाही. माणसापेक्षा चालीरीती, घसरण, वाढत्या किमती अशांविरुद्ध ओरड करायची असेल तेव्हा हा शब्द बरा बसतो, यावर एकमत झालं. मामानं एक गोष्ट मात्र सांगितली ती मला आवडली. हे क्रियापद फ्रेंचमधल्या 'ओरडून खाली पाडणं' यावरून आलं, आणि त्याचा एक जुना वापर नाण्यांसाठी होता : अमुक नाणं चालणार नाही किंवा त्याची किंमत घटली, अशी राजाज्ञेची दवंडी. आपल्याकडे अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत तेव्हा सराफ कमअस्सल नाण्यावर बट्टा कापत. कुळाच्या नावाला लागतो तो बट्टा याच दुकानातला.

खरी खडाजंगी झाली 'सेन्शर'वर, कारण ते मामाचं माहेर.

मामा : या शब्दाशी खेळायचं नाही. रोममध्ये 'सेन्सर' नावाचा अधिकारी नागरिकांच्या याद्या ठेवी आणि कोणाचं वागणं खटकलं तर नावापुढे खूण करी. थोरल्या केटोनं एका सिनेटरला यादीतून काढलं, कारण त्यानं दिवसाढवळ्या मुलीसमोर बायकोला मिठी मारली. प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. खूण, नोंद, परिणाम, हा या शब्दाचा वंश. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत किरकोळ शिक्षांमध्ये पहिली शिक्षा तीच, 'ठपका ठेवणे'. साहेब तोंडी झापतात ती शिक्षा नव्हे. ठपका सेवापुस्तकात जातो आणि बढतीच्या वेळी उठून उभा राहतो. लोकसभेतही निंदाव्यंजक ठराव वेगळा आणि अविश्वासाचा ठराव वेगळा. अविश्वासाला कारण द्यावं लागत नाही, तो अख्ख्या मंत्रिमंडळावर असतो आणि मंजूर झाला तर सरकार जातं. निंदाव्यंजक ठरावात कारणं लिहावी लागतात, तो एकट्या मंत्र्यावरही आणता येतो, आणि त्यानं सरकार पडत नाही. याला मोजपट्टीवरचा आकडा म्हणणार तू?

भाची : याला कार्यपद्धती म्हणेन. ठपक्याचं वजन नियमानं दिलंय, शब्दानं नाही. नियमात 'कानउघाडणी' लिहिलं असतं तर कानउघाडणीही बढतीच्या आड आली असती.

मामा : अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात चल. तिथे 'रेप्रिमांड' आणि 'सेन्शर' अशा दोन पायऱ्या आहेत. 'रेप्रिमांड' झालेला सभासद जागेवर बसून राहू शकतो. 'सेन्शर' झालेल्यानं सभागृहाच्या मधोमध उभं राहायचं आणि सभापती वाचतील ते ऐकायचं. 1997 मध्ये न्यूट गिंग्रिच स्वतः सभापती असताना त्यांना 'रेप्रिमांड' झाला, तीन लाख डॉलर भरावे लागले, पण उभं राहणं चुकलं. 2010 मध्ये चार्ल्स रँगल यांच्यावर 'सेन्शर'चा ठराव आला. त्यांच्या मित्रांनी दुरुस्ती मांडली : 'सेन्शर' काढा, 'रेप्रिमांड' घाला. सभागृहानं त्या एका शब्दावर मतदान केलं. दुरुस्तीच्या बाजूनं 146, विरुद्ध 267. मग 2 डिसेंबरला 333 विरुद्ध 79 मतांनी 'सेन्शर' झालं आणि ऐंशीचे रँगल उभे राहिले. आता सांग, फक्त शब्दावर मत पडलं की नाही?

भाची : पडलं. पण त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला चल. सिनेट. तिथे जोसेफ मॅकार्थी यांचं प्रकरण. समितीनं शिफारस केली 'सेन्शर'ची. 2 डिसेंबर 1954 ला 67 विरुद्ध 22 मतांनी मंजूर झालेल्या मजकुरात शब्द आहे 'कंडेम'. लगेच मॅकार्थींचे पाठीराखे म्हणू लागले, बघा, आमच्या माणसाला 'सेन्शर' झालेलंच नाही. अध्यक्षस्थानी उपराष्ट्रपती निक्सन होते. त्यांनी ठरावाच्या शीर्षकातूनही तो शब्द काढून टाकला.

मामा : म्हणजे शब्दाला किंमत होती...

भाची : थांब. पुढे 1979 मध्ये हर्मन टॅलमज यांना पैशांच्या गैरव्यवहारावरून सिनेटनं 'डिनाउन्स' केलं. 1990 मध्ये डेव्हिड ड्युरेनबर्गर यांनाही 'डिनाउन्स'च केलं. आणि आज सिनेट स्वतःच्या इतिहासात 'सेन्शर' झालेल्या सभासदांची जी यादी देते, त्यात मॅकार्थी आहेत, टॅलमज आहेत, ड्युरेनबर्गरही आहेत. क्रियापदं तीन, यादी एक. ज्यांनी शब्द वेचून वेचून घातले त्यांच्याच वारसांनी ते एका पोत्यात भरले.

मामा : पण त्या दिवशी ते शब्द वेचत होते, हे खरं की नाही?

भाची : त्या दिवशीपुरतं खरं.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं, आणि मामालाही वाटलं असावं, कारण तो हसला. निषेधाच्या शब्दांची धार ज्या दिवशी मतदान होतं त्या दिवशी सर्वांत जास्त असते. पुढच्या पिढीला फक्त एवढं आठवतं की कोणाला तरी सभागृहानं सुनावलं होतं. आपल्याकडेही तसंच. 29 ऑगस्ट 1961 ला मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांना लोकसभेनं सभागृहाच्या कठड्यापाशी बोलावून समज दिली, आचार्य कृपलानींवरच्या एका लेखाबद्दल. ती 'रेप्रिमांड' होती की 'ॲडमॉनिशन', हे आज संसदीय कामकाजाच्या ग्रंथाबाहेर कोणाला आठवतं? (होती ती 'रेप्रिमांड'.)

उरलेल्या क्रियापदांची दोघांनी धूळधाणच केली. 'एक्स्कोरिएट' म्हणजे अक्षरशः कातडी सोलणं, 'लॅम्बेस्ट'मध्ये छडीचा मार, 'कॅस्टिगेट'मध्ये मारून शुद्ध करण्याची भटजीगिरी. इंग्रजी मथळ्यांतलं 'स्लॅम' हे तर केवळ मथळ्याच्या रुंदीत मावतं म्हणून जगलेलं आहे. भारतातली इंग्रजी वृत्तपत्रं विरोधी पक्षाला रोज सरकारची कातडी सोलायला लावतात आणि कोणाला ओरखडाही उठत नाही. आमच्याकडेही निराळं नाही, भाची म्हणाली. आमचे नेते 'टीकास्त्र' सोडतात आणि 'हल्लाबोल' करतात, सगळा शस्त्रागार मथळ्यात. गंमत म्हणजे घरातल्या मराठीत केवढ्या छटा आहेत : कान उपटतात, कानउघाडणी करतात, हजेरी घेतात, समाचार घेतात, खरडपट्टी काढतात, धारेवर धरतात, ताशेरे ओढतात. यातले ताशेरे न्यायालयाचे आणि खरडपट्टी साहेबाची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण विषय परराष्ट्राचा झाला रे झाला की आपण सगळ्याला एकच 'निषेध' लावून मोकळे.

मग भाचीनं तिचं म्हणणं मांडलं, ते या सगळ्यात मला सर्वांत पक्कं वाटतं.

भाची : मामा, आम्ही शाळेत असताना तू आम्हाला वाक्य पृथक्करण शिकवायचास. कर्ता, कर्म, क्रियापद. या सगळ्या वादात तू क्रियापदाला भिंग लावून बसलायस. मी कर्म बघते. पुलवामाचा हल्ला 14 फेब्रुवारी 2019 चा. आठवड्याभरानं, 21 तारखेला, सुरक्षा परिषदेनं प्रसिद्धीसाठी निवेदन काढलं : 'कंडेम', तेही अत्यंत कठोर शब्दांत. पहलगामचा हल्ला 22 एप्रिल 2025 चा, 26 जण मारले गेले. 25 तारखेला निवेदन आलं, तेच क्रियापद, तीच शेपटी. तुझ्या तराजूत दोन्ही सारखे. पण पुलवामाच्या निवेदनात लिहिलंय की जैश-ए-महंमदनं जबाबदारी घेतली. पहलगामच्या निवेदनात कोणत्याही संघटनेचं नाव नाही. तेव्हा पाकिस्तान परिषदेचा सदस्य होता, आणि 'द रेझिस्टन्स फ्रंट' हे नाव आम्ही काढायला लावलं, असं त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत अभिमानानं सांगितलं. क्रियापदाला कोणी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. कर्म पोकळ केलं की क्रियापद कितीही मोठ्यानं ओरडू दे.

मामा : मग 2022 मध्ये चीनसाठी क्रियापद का बदललं?

भाची : कारण तिथे कर्म बदलणं शक्य नव्हतं. रशियाचं नाव काढलं असतं तर ठरावच उरला नसता. कर्म ठेवायचं म्हणून क्रियापद सोडलं. पहलगामला क्रियापद ठेवायचं होतं म्हणून कर्म सोडलं. सौदा नेहमी पूर्ण वाक्याचा होतो, मामा.

मामा : हे पटतं. पण मग तुझी जबाबदारी दुप्पट झाली. तू 'निषेध केला' एवढंच लिहितेस तेव्हा वाचकाला क्रियापदही कळत नाही आणि कर्मही नाही.

भाची : रात्री पावणेबाराला पान सोडताना?

मामा : रात्री पावणेबाराला दोन ओळी. 'मूळ मसुद्यातला कंडेम काढून डिप्लोअर घालण्यात आला', ही एक. 'निवेदनात संघटनेचं नाव नाही', ही दुसरी. 'डिप्लोअर'ला मराठी शब्द सापडत नसेल तर नको शोधूस, देवनागरीत तोच घाल. आपण कंडम पचवला, डिप्लोअरनं अजीर्ण होणार नाही.

मला विचाराल तर शब्दांच्या कुळकथांत मामा रमला आणि हरला. मार्च 2022 च्या ठरावानं त्याचा नियम मोडला, सिनेटच्या यादीनं त्याचं वर्गीकरण मोडलं. पण ही शेवटची मागणी त्याची रास्त आहे, आणि परदेशी बातम्यांची पानं लावणाऱ्या सर्वच मित्रांपुढे ती मी ठेवतो. 'निषेध' लिहाच, पण खाली एक ओळ द्या : कोणाच्या नावानं, कोणत्या शब्दात, आणि मसुद्यातलं काय गळलं. जागा लागते ती एका छोट्या जाहिरातीच्या निम्मी.

भाचीनं अर्थात शेवटचा शब्द सोडला नाही. तिनं दुसरं कात्रण काढलं, 12 ऑक्टोबर 2022 चं. रशियानं युक्रेनच्या चार प्रांतांत घेतलेलं तथाकथित सार्वमत आणि ते प्रांत जोडून घेण्याचा प्रयत्न, यांवर महासभेचा ठराव. या वेळी क्रियापद 'कंडेम'. बाजूनं 143, विरुद्ध 5, तटस्थ 35. मार्चमधल्या 'डिप्लोअर'च्या वेळीही तटस्थ 35 च होते, आणि भारत दोन्ही वेळा त्यांत होता.